खलनायकाला भूतकाळ मिळाला तेव्हा

हॅरी पॉटर श्रेष्ठ की फ्रोडो, डार्थ व्हेडर जास्त भयंकर की व्होल्डेमॉर्ट, यावर पडद्यावरच्या परीकथांचे चाहते तावातावाने भांडतात. ही पात्रं वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या नियमांखाली घडली, हे त्या भांडणात विसरलं जातं. नायकाची जात तशी जुनीच राहिली: आडबाजूला वाढलेलं पोर, एखादा म्हातारा गुरू, अंगावर येऊन पडलेली जबाबदारी. खलनायक मात्र पार बदलला.

१९३९चा 'द विझर्ड ऑफ ऑझ' आठवा. वादळात उडालेलं डोरोथीचं घर एका चेटकिणीच्या अंगावर कोसळतं, ती मरते आणि सगळं गाव नाचायला लागतं. तिची हिरव्या तोंडाची बहीण चवताळून येते. सख्खी बहीण गेलेल्या बाईचा राग समजण्याजोगा आहे, पण तिच्या दुःखाकडे चित्रपट ढुंकूनही बघत नाही. बघणं सोपंही नव्हतं. हॉलिवूडमध्ये १९३४पासून कडकपणे राबवलेल्या हेज संहितेनुसार, म्हणजे चित्रपटात काय दाखवावं याच्या नियमावलीनुसार, प्रेक्षकांची सहानुभूती दुष्कृत्याच्या बाजूला झुकवायला मनाई होती. १९६८मध्ये ही संहिता जाऊन वयानुसार वर्गवारी आली, तेव्हा कुठे खलनायकाची बाजू मांडायला वाट मोकळी झाली.

त्या वाटेवरचा मोठा टप्पा 'स्टार वॉर्स'चा. त्यात अवकाशयानं असली, तरी राजकन्या, तलवारी आणि मंत्रशक्तीसारखी 'फोर्स' पाहता ती परीकथाच म्हणायची. जॉर्ज लुकासने जोसेफ कॅम्पबेलच्या पुराणकथांवरच्या १९४९च्या पुस्तकाचा तिला आधार घेतला होता. १९७७च्या पहिल्या चित्रपटातला व्हेडर म्हणजे काळा मुखवटा आणि घरघरणारा श्वास, बस. १९८०च्या चित्रपटात तो नायकाला, ल्यूकला, सांगतो, मीच तुझा बाप. हे गुपित इतकं जपलं होतं की चित्रीकरणात व्हेडरच्या पोशाखातल्या डेव्हिड प्राउजला भलतंच वाक्य दिलं होतं: ओबी-वाननेच (म्हणजे ल्यूकच्या गुरूनेच) तुझ्या बापाला मारलं. खरं वाक्य नंतर जेम्स अर्ल जोन्सच्या आवाजात भरलं. तेवढ्याने तुलनेचा पायाच हलला. ल्यूक व्हेडरला हरवेल का, यापेक्षा ल्यूकचाच व्हेडर होईल का, ही धास्ती मोठी झाली. पुढे १९९९ ते २००५ या काळात अख्खे तीन चित्रपट व्हेडर बिघडला कसा, हे सांगण्यात खर्ची पडले. कर्णाची बाजू घेऊन महाभारतावर वाद घालणाऱ्या आपल्याला यात नवल वाटू नये. पडद्यावरच्या परीकथेला मात्र याची फारशी सवय नव्हती.

२००१मध्ये दोन मालिका एकदमच सुरू झाल्या. पीटर जॅक्सनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ला टॉल्किनच्या १९५४-५५च्या कादंबरीचा पाया. तिथला खलनायक सॉरॉन म्हणजे मनोऱ्यावरचा पेटता डोळा, आणि त्याची जादूची अंगठी नष्ट करायला फ्रोडो निघालेला. फ्रोडोची खरी तुलना सॉरॉनशी नाहीच, ती त्याच अंगठीच्या हव्यासाने पोखरलेल्या गॉलमशी. २००२च्या भागात गॉलम रात्री स्वतःशीच भांडतो. कॅमेरा आधी त्याच्याभोवती सरकतो, मग दृश्याचे सरळ तुकडे पडतात आणि दोन वेगळे जीव बोलताहेत असं वाटू लागतं. एक मालकावर, म्हणजे फ्रोडोवर, विश्वास ठेवू नको म्हणतो, दुसरा त्याला 'चालता हो, परत येऊ नकोस' म्हणून हाकलतो. आणि अखेरीस ज्वालामुखीच्या कड्यावर उभा फ्रोडो अंगठी फेकतच नाही, 'माझी' म्हणून बोटात घालतो. काटेकोर हिशेबात नायक तिथे हरतो. त्याच्या गुणांची यादी करणारे हे सोयीस्करपणे गाळतात.

पॉटरच्या आठ चित्रपटांत (२००१-११) तर नायक हॅरी आणि खलनायक व्होल्डेमॉर्ट एकाच मातीचे: दोघे पोरके, दोघांच्या जादूच्या छड्यांत एकाच फिनिक्सचं पीस, दोघांना शाळा हेच घर.

मग आली 'गेम ऑफ थ्रोन्स' ही टीव्ही मालिका (२०११-१९), ७३ भागांची ऐसपैस जागा घेऊन. पहिल्याच भागाच्या शेवटी जेमी लॅनिस्टर एका लहान मुलाला खिडकीतून ढकलून देतो. तिसऱ्या हंगामात, हात तुटलेला जेमी हमामाच्या गरम पाण्यात बसून सांगतो, की राजाला मारलं ते राजा सगळं शहर जाळायला निघाला होता म्हणून. प्रेक्षक मुकाट त्याच्या बाजूला सरकतो. उलट २०१९मध्ये त्याच राजाच्या लेकीने, डेनेरिसने, तेच शहर खरोखर जाळलं तेव्हा अनेकांना ते पटलं नाही. माझ्या मते कारण साधं आहे. जेमीला दिलेली सवड लेखकांनी शेवटी तिला दिली नाही.

आता तर खलनायिकेची कैफियत हा वेगळा प्रकारच झाला आहे. १९५९च्या 'स्लीपिंग ब्यूटी'तली दुष्ट परी मॅलेफिसेंट सोहळ्याचं आमंत्रण नाही म्हणून तान्ह्या राजकन्येला शाप देते. २०१४मध्ये तीच नायिका झाली आणि प्रियकराने तिचे पंख कापल्याची कथा पुढे आली. ऑझच्या हिरव्या चेटकिणीची बाजू 'विकेड'ने घेतली: १९९५ला कादंबरी, २००३ला संगीतनाटक, २०२४ला चित्रपट. हे सगळं वाईट नाही, पण कधीकधी त्याला वकिलीचा वास येतो. पॉटरच्या २००७च्या भागातली शिक्षिका अंब्रिज पाहा. तिला बालपण नाही, दुःख नाही, सबब नाही. गुलाबी कपडे, भिंतीवर मांजरांच्या बशा, लाडिक आवाज, आणि शिक्षा म्हणून हॅरीच्या हाती दिलेली लेखणी, जी कागदावरचं वाक्य त्याच्याच हातावर कोरते. व्होल्डेमॉर्टला माफ करतील, पण हिच्या नावाने बोटं मोडतील, असे चाहते पैशाला पासरी मिळतात.