मे महिन्यातलं कॉकपिट आणि टॅब्लेटची निवड

इंदुरात जेल रोडवर टॅब्लेट घ्यायला गेलं की काउंटरपलीकडून पहिला प्रश्न येतो, ‘किती जीबी?’ विमान चालवायला शिकणाऱ्याच्या दृष्टीने हा प्रश्न तसा दुय्यम. नकाशा दाखवणारं अ‍ॅप आजकालच्या कुठल्याही बऱ्या प्रोसेसरवर सहज चालतं, आणि १२८ जीबी जागा भारताचे सगळे चार्ट, म्हणजे वैमानिकांचे नकाशे, ठेवूनही उरते. विचारायचं ते वेगळंच. मे महिन्यातल्या सकाळी देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावरून भोपाळला निघालेल्या सेसना १७२ या प्रशिक्षणाच्या छोट्या विमानात, पन्नासाव्या मिनिटाला, स्क्रीनवरचं अक्षर वाचता येईल का? आपल्या विमानाचा ठिपका खऱ्या जागी असेल का? आणि टॅब्लेट तोवर बंद तर पडला नसेल ना?

ठिपक्यापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात महाग चूक इथेच होते. आयपॅड दोन प्रकारांत मिळतो: फक्त वायफायवाला आणि सिमवाला, म्हणजे सेल्युलर. जीपीएसचा रिसीव्हर फक्त सेल्युलर मॉडेलमध्ये असतो. वायफायवालाही घरी बसल्या ‘तुम्ही इथे आहात’ असं अचूक दाखवतो, म्हणून फसगत होते. तो आजूबाजूच्या राउटरांवरून जागेचा अंदाज बांधत असतो. देवासच्या वर साडेचार हजार फुटांवर राउटर कुठला? ठिपका इंदुरातच बसून राहतो. सेल्युलर मॉडेल घ्यायचं, पण सिम घालायची गरज नाही. जीपीएस उपग्रहांकडून ऐकतं, टॉवरकडून नव्हे, आणि विमान मोडमध्येही चालतं. सॅमसंगच्या बऱ्याच टॅब्लेटांत वायफाय मॉडेललाही जीपीएस असतं, तरी त्या विशिष्ट मॉडेलच्या तपशिलात तो शब्द डोळ्यांनी पाहूनच पैसे द्यावेत.

सिम नसेल तर एक गोष्ट मात्र जाणवते. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची माहिती सेकंदाला जेमतेम ५० बिट या वेगाने पाठवतो. एका उपग्रहाची नेमकी कक्षा कळायला साधारण अर्धा मिनिट लागतं आणि साऱ्या उपग्रहांची ढोबळ यादी पूर्ण व्हायला साडेबारा मिनिटं. फोन हीच माहिती इंटरनेटवरून आयती घेतो, म्हणून तो चटकन जागा सांगतो. टॅब्लेटला ती सोय नसेल तर इंजिन सुरू करण्याआधी पाच मिनिटं तो उघड्या आकाशाखाली ठेवावा. सेसनाचे पंख छताच्या वर असतात, त्यामुळे आत गेल्यावर निम्मं आकाश धातूने झाकलं जातं. तिथे वारंवार ठिपका हरवत असेल तर ब्लूटूथवर चालणारा वेगळा रिसीव्हर विंडशील्डजवळ ठेवतात. गार्मिन कंपनीचा ‘ग्लो २’ हा असा रिसीव्हर दर सेकंदाला दहा वेळा जागा कळवतो. टॅब्लेटचा स्वतःचा रिसीव्हर साधारण एकदाच.

अमेरिकन परीक्षणं वाचून खरेदी करणाऱ्यांनी इथे एक सांभाळावं. तिकडे एडीएस-बी रिसीव्हर, म्हणजे इतर विमानांनी रेडिओवरून कळवलेली त्यांची जागा पकडणारी डबी, घेतला की हवामानाचं चित्रही फुकट मिळतं, कारण तिथे जमिनीवरून ते ९७८ मेगाहर्ट्झवर प्रसारित होतं. भारतात तशी सेवा नाही. त्यासाठी पैसे मोजून आणलेली डबी इथे बरीचशी शोभेची ठरते.

आता आकार. भारताच्या एआयपीमधले, म्हणजे वैमानिकांसाठीच्या अधिकृत माहिती-ग्रंथातले, चार्ट ए-४ कागदाचे. ८.३ इंची आयपॅड मिनीवर असा चार्ट पूर्ण बसवला तर तो मूळ आकाराच्या ५५ टक्के होतो. ११ इंचीवर सुमारे ७५ टक्के, १३ इंचीवर ९० टक्क्यांच्या जवळ. म्हणजे कागदावरचं २ मिलिमीटरचं अक्षर मिनीवर १.१ मिलिमीटर उरतं. मांडीवर ठेवलेला टॅब्लेट डोळ्यांपासून साधारण ६० सेंटिमीटर दूर असतो, आणि त्या अंतरावर चांगल्या नजरेला ०.९ मिलिमीटरचं अक्षर कसंबसं ओळखू येतं. विमान स्थिर उभं असताना १.१ ठीक वाटतं. इंजिनाच्या थरथरीत आणि उन्हाळी धक्क्यांत ते पुरत नाही, आणि बोटांनी मोठं करायला गेलं की नजर बाहेरून आत येते, तीही नेमकी उतरायच्या तयारीत.

मग सरळ १३ इंची का घेऊ नये? सेसनात बसून योक, म्हणजे विमान वळवायचं-उचलायचं हँडल, पूर्ण मागे ओढून पाहा. मांडीवरचा ११ इंचीच अनेकांच्या योकला अडतो, १३ इंचीची तर गोष्टच सोडा. वजनही पाहावं: मिनी ३०० ग्रॅमच्या आत, ११ इंची साडेचारशेच्या आसपास. आमच्या मते प्रशिक्षणाच्या छोट्या विमानात मिनीच बरा, फक्त पूर्ण चार्ट एकदम पाहण्याचा हट्ट सोडावा. लागणारा भाग आधीच मोठा करून ठेवावा. मोठ्या विमानात, जिथे खिडकीशी पक्का स्टँड असतो, तिथे ११ इंची किंवा त्याहून मोठा शोभतो.

प्रकाशाचा भाग सगळ्यात रंजक, आणि दुकानात तो कधीच कळत नाही, कारण दुकानात ट्यूबलाइट असते. भोपाळ इंदूरपासून विमानाच्या सरळ रेषेत सुमारे १७० किलोमीटर, दिशा साधारण ६८ अंश. गंमत म्हणजे मेच्या मध्यावर इंदुरात सूर्यही जवळजवळ त्याच दिशेला उगवतो. पहाटे निघालेला वैमानिक थेट सूर्याच्या तोंडात जातो. ऊन समोरून येतं आणि पडतं ते त्याच्या छातीवर, म्हणजे गणवेशाच्या पांढऱ्या शर्टावर. सूर्य चांगला वर आल्यावर असा शर्ट दर चौरस मीटरला २०,००० कॅन्डेला, म्हणजे २०,००० निटच्या आसपास उजळतो. त्याचं प्रतिबिंब टॅब्लेटच्या काचेत दिसतं. आयपॅड मिनी, एअर आणि प्रोच्या काचेवर प्रतिबिंब कमी करणारा थर असतो, तो प्रकाशाचा फक्त १.८ टक्के भाग परत फेकतो. २०,००० चे १.८ टक्के म्हणजे ३६०. मिनीची स्क्रीन स्वतः ५०० निट देते. शर्टाची पांढरी सावली नकाशावर पसरते, पण नकाशा वाचता येतो.

सर्वांत स्वस्त, साध्या आयपॅडची स्क्रीनही ५०० निटचीच आहे. कागदावर दोघे सारखे. पण त्यावर तो थर नाही, आणि काच व स्क्रीन यांच्यामध्ये हवेची पोकळी आहे, म्हणजे प्रकाश परत फिरवणारे आणखी पृष्ठभाग. अशा काचेने साडेचार टक्के जरी परत फेकले तरी ९०० निट होतात: शर्ट नकाशापेक्षा उजळ! पैसे वाचवायचे असतील तर साध्या नव्या आयपॅडपेक्षा वापरलेला मिनी घ्यावा, असं आम्ही म्हणू. एम४ चिपच्या आयपॅड प्रोची स्क्रीन १,००० निट देते, ती नक्कीच सुखाची, पण किंमतही तशीच. आणि फुकटचा उपाय विसरू नये. शर्टावर गडद, पातळ जाकीट चढवलं की प्रतिबिंब एकदम मंदावतं.

दुसरा सापळा गॉगलचा. एलसीडी स्क्रीनमधून येणारा प्रकाश एकाच प्रतलात कंप पावतो, म्हणजे ध्रुवित असतो, आणि पोलराइज्ड गॉगलही एकाच प्रतलातला प्रकाश आत सोडतो. दोन प्रतलांमधला कोन शून्य असेल तर स्क्रीन नीट दिसते, ४५ अंशांना निम्मी, ६० अंशांना पाव आणि ९० अंशांना पार काळी. म्हणून काही टॅब्लेट उभे धरले तर दिसतात आणि आडवे केले की ‘बंद पडतात’. इलाज सोपा आहे: कॉकपिटमध्ये साधा करडा, पोलराइज्ड नसलेला गॉगल. विमानाच्या स्वतःच्या स्क्रीनसाठीही तोच लागतो.

आता उष्णता. अ‍ॅपलच्या म्हणण्यानुसार आयपॅड ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरावा. इंदुरात मेमध्ये दुपारचा पारा चाळिशी ओलांडतो, आणि अ‍ॅप्रनवर, म्हणजे विमानं उभी करण्याच्या फरसबंद जागेवर, काचा बंद करून उभ्या विमानाच्या आत त्याहून बरंच जास्त असतं. पण हवेपेक्षा थेट ऊन जास्त मारक. मिनीचं क्षेत्रफळ सुमारे ०.०२६ चौरस मीटर. काचेतून आत आलेलं ८०० वॅट प्रति चौरस मीटरचं ऊन धरलं तर त्यावर २० वॅटच्या वर उष्णता पडते. टॅब्लेट स्वतः खर्च करतो ती वीज याच्या काही अंशाएवढीच. शिवाय त्याला पंखा नाही, सगळी उष्णता पाठीच्या अ‍ॅल्युमिनिअममधून बाहेर जायची, आणि पाठीवर आपण रबरी कव्हर चढवून ते मांडीला टेकवून बसतो.

तापलेला टॅब्लेट टप्प्याटप्प्याने हार मानतो. आधी चार्जिंग थांबतं. मग स्क्रीन आपोआप मंद होते, आणि वैमानिकाला वाटतं उजेडच वाढला. शेवटी थंड होईपर्यंत वापरता येणार नाही असा इशारा येतो आणि नकाशा जातो. हे बहुतेक वेळा वर गेल्यावर नव्हे, तर जमिनीवर टॅक्सी करताना, म्हणजे विमान रनवेकडे चालवत नेताना, किंवा रनवेबाहेर थांबलेलं असताना घडतं. दुपारच्या तापलेल्या हवेत दर हजार फुटांना सुमारे ३ अंश तापमान उतरतं, त्यामुळे साडेपाच हजार फुटांवर गेलं की इंदूरच्या जमिनीपेक्षा हवा १० अंशांनी थंड लागते. सांभाळायची ती पहिली वीस मिनिटं.

ती अशी सांभाळावीत. टॅब्लेट घरीच पूर्ण चार्ज करून आणावा, कारण चार्जिंगही आतून उष्णता वाढवतं. विमानात आधी नेऊन ठेवू नये. शेवटच्या क्षणापर्यंत थर्माकोलचं अस्तर असलेल्या पिशवीत, बर्फाशिवाय, सावलीत असू द्यावा. बर्फ किंवा फ्रिज नकोच: थंड झालेल्या टॅब्लेटवर बाहेर येताच दव धरतं, आतसुद्धा. विंडशील्डखालच्या काळ्या कट्ट्यावर एक मिनिटही ठेवू नये. पाठ उघडी ठेवणारं होल्डर घ्यावं आणि हवेच्या झोताचं तोंड त्याच्या पाठीकडे वळवावं. सॅमसंगच्या टॅब अ‍ॅक्टिव्ह मालिकेत बॅटरी काढून दुसरी घालता येते. सलग दोन उड्डाणं करणाऱ्याला ही सोय मोलाची वाटेल.

पण सॅमसंग घेण्याआधी अ‍ॅप ठरवावं. वैमानिकांच्या नकाशा-अ‍ॅपपैकी फोरफ्लाइट फक्त अ‍ॅपलवर चालतं, गार्मिन पायलट अ‍ॅपल आणि अँड्रॉइड दोन्हींवर. आणि कुठलंही अ‍ॅप घेताना भारताचा डेटा आहे का, कोणत्या वर्गणीत आहे, हे आधी पाहावं. भारतीय विमानतळ प्राधिकरणाचं एआयपी फुकट पाहता येतं. त्यातल्या पीडीएफ टॅब्लेटमध्ये उतरवून घ्याव्यात. मात्र नुसत्या पीडीएफला अक्षांश-रेखांश कळत नाहीत, त्यावर आपला ठिपका हलणार नाही. चार्ट बदलण्याचं चक्र २८ दिवसांचं असतं. मुदत संपलेला चार्ट बहुधा तसाच उघडतो, फारतर कोपऱ्यात लाल अक्षरं येतात. आयपॅडच्या सेटिंगमध्ये न वापरलेली अ‍ॅप आपोआप काढून टाकण्याची सोय असते, ती बंद करावी. आणि उड्डाणाच्या आदल्या रात्री ऑपरेटिंग सिस्टिम अपडेट करण्याचा मोह टाळावा.

बसवण्याबद्दल थोडंसं. होल्डर काचेला चिकटवणाऱ्या व्हॅक्यूम कपला दाबून धरते ती बाहेरची हवा. इंदूरच्या जमिनीवर, १,८५० फुटांवर, जो दाब असतो त्याचा पाव हिस्सा साडेनऊ हजार फुटांवर कमी होतो, पकडही तेवढीच सुटते. त्यात धूळ आणि उन्हाने मऊ झालेलं रबर. म्हणून कपला नेहमी एक दोरी असावी. टॅब्लेटच्या आणि कव्हरच्या कडांत लोहचुंबक असतात, ते होकायंत्राजवळ नेले की सुई हलताना डोळ्यांनी दिसते. चार्जरचंही तसंच: बऱ्याच सेसना १७२ मध्ये २८ व्होल्टची वीज असते, आणि गाडीसाठीचा १२ व्होल्टचा चार्जर तिथे जळू शकतो. स्वस्त चार्जर रेडिओतही खरखर घालतो. तो लावून-काढून हेडसेटमध्ये फरक पडतो का, ते जमिनीवरच ऐकावं.

टॅब्लेटने दाखवलेल्या उंचीवर विसंबून मात्र कधीच उडू नये. अल्टिमीटर हवेच्या दाबावरून उंची काढतो आणि तापलेल्या, विरळ हवेत तो कमी दाखवतो. ४२ अंशांच्या दिवशी अल्टिमीटर ४,५०० फूट म्हणत असेल तर जीपीएसची उंची अडीचशे-तीनशे फुटांनी जास्त येईल. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, पण आकाशातली बाकीची विमानं अल्टिमीटरवर उडतात. दुसरं म्हणजे खोट्या सिग्नलचा धोका. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमेलगत, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूजवळ, जीपीएसमध्ये ढवळाढवळीच्या ४६५ घटना नोंदल्याचं सरकारने संसदेत सांगितलं. विमानात बसवलेला प्रमाणित रिसीव्हर उपग्रहांची एकमेकांशी पडताळणी करतो. टॅब्लेट मिळेल त्यावर विश्वास ठेवतो. मांडीवर कागदी नकाशा असू द्यावा, आणि टॅब्लेट नेण्याआधी आपल्या प्रशिक्षण संस्थेची परवानगी घ्यावी. एअरलाइनला तर अशा वापरासाठी डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, मंजुरी लागते.

नवा टॅब्लेट तपासायला विमान लागत नाही. विमान मोड चालू करायचा, वायफाय आणि ब्लूटूथ बंद, प्रकाश पूर्ण, आणि दुपारी बारा वाजता गाडीत शेजारच्या माणसाच्या मांडीवर देऊन राजवाड्यापासून देवासपर्यंत जायचं. एसी बंद, अंगात पांढरा शर्ट. वाटेत दर दहा मिनिटांनी ठिपका, बॅटरीचे टक्के आणि स्क्रीनचा उजेड कागदावर टिपायचा. दुकानाची बदलून देण्याची मुदत संपायच्या आत ही फेरी उरकावी.