१५६० अश्वशक्ती, पण कुठल्या सालची?

काल्पनिक इतिहासाच्या आरमारी खेळात जहाज आखणं त्या मानानं सोपं. स्प्रिंगशार्प या जहाज आखायच्या संगणक-प्रोग्रॅममध्ये लांबी-रुंदी, चिलखत, तोफा भरल्या की जहाज तरंगेल की कलंडेल ते कळतं. विमानांना मात्र तिथे ‘इतर वजन’ या रकान्यात गठ्ठ्यानं कोंबावं लागतं. त्यांच्यात दम किती, हे ठरवायला मग हाताशी एकच आकडा उरतो, इंजिनाची अश्वशक्ती. भांडणं तिथूनच सुरू होतात.

कागदावर आरमारं लढवायचा नाद जुना. १८९८ मध्ये ब्रिटनमध्ये असा खेळ छापील नियमांसह आला, तेव्हा विमानांचा प्रश्नच नव्हता. आरमारांवर मर्यादा घालणाऱ्या १९२२ च्या वॉशिंग्टन करारानं अर्धवट बांधलेल्या युद्धनौकांचे सांगाडे विमानवाहू करायची मुभा दिली आणि मोठ्या डेकवर विमानांचे ताफे आले. अमेरिकी आरमाराला रेडिएटरची कटकट नको होती; हवेनं थंड होणारं पहिलं वास्प इंजिन १९२५ च्या नाताळच्या आदल्या दिवशी बांधून तयार झालं, साधारण ४२५ अश्वशक्तीचं. बरेच खेळ हा करारच पुसून टाकतात, इंजिनांचा तक्ता मात्र खऱ्या इतिहासातला जसाच्या तसा उचलतात. मला हे कधी पटलेलं नाही.

सगळ्यात जास्त कीस पडतो तो जपानच्या झीरो या लढाऊ विमानाच्या इंजिनावर. १९३७ मध्ये जपानी आरमारानं डेकवरून उडणारं, लांब पल्ल्याचं, चपळ लढाऊ विमान मागितलं. बनवणाऱ्या कंपनीकडे स्वतःची दोन इंजिनं होती, छोटं झुइसेई आणि थोरलं किन्सेई. निवड झाली छोट्याची. १ एप्रिल १९३९ ला पहिला नमुना उडाला तो ७८० अश्वशक्तीवर. तिसऱ्या नमुन्यात प्रतिस्पर्धी कंपनीचं साकाए बसलं, ९४० चं, आणि तेच पुढे कायम झालं. किन्सेई झीरोत आलं ते थेट १९४५ मध्ये, १५६० अश्वशक्तीचं, तेही नमुन्यांपुरतं.

आता खेळाडू म्हणतो, माझ्या जपाननं सुरुवातीलाच किन्सेई निवडलं, सबब माझं १९४० चं झीरो १५६० चं. (मीही एकदा हेच केलं होतं आणि दोन मोहिमा फुकट जिंकलो होतो.) गोम नावात आहे. किन्सेई हे एका इंजिनाचं नव्हे, अख्ख्या घराण्याचं नाव. १९३८ च्या सुमाराचं किन्सेई जेमतेम १००० च्या आसपास होतं. १५६० वालं त्याचंच वंशज, तेच १४ सिलिंडर, तीच ३२ लिटरची क्षमता. पण सिलिंडरमध्ये थेट फवारलं जाणारं इंधन आणि पाणी-मिथेनॉलचा मारा या मधल्या वर्षांच्या कमाया. म्हणजे १९३८ मध्ये पदरात पडणार ती झुइसेईपेक्षा फार तर दोन-सव्वादोनशे जास्तीची अश्वशक्ती, आणि सोबत रुंद नाक, जादा वजन, जास्त तहान. पल्ला तर मागणीतच होता. त्या वेळचा निर्णय मला तरी बरोबर वाटतो. पुढे वाढवायला जागा उरली नाही, ही तक्रार मात्र खरी. नंतरच्या साकाएनंही ११३० च्या आसपासच दम सोडला.

दुसरा घोळ ‘अश्वशक्ती’ या शब्दाचाच. वाइल्डकॅट या अमेरिकी आरमारी लढाऊ विमानाचं इंजिन उड्डाणाच्या वेळी १२०० देई, १९,००० फुटांवर १०००. साकाएचे उड्डाणाला ९४०, सुमारे १४,००० फुटांवर ९५०. डेकवरचा फरक २६० चा, वरचा नुसता पन्नासाचा, असं म्हणून कुणी टाळी मागेल. पण त्या दोन उंच्यांत ५००० फुटांचं अंतर आहे, आणि आणखी वर गेल्यावर हवा कोंबणारा सुपरचार्जर एकटप्पीच असलेलं साकाए धापा टाकतं. भरल्या टाक्यांनी आखूड डेकवरून उठायचं तर पहिला आकडा, वर गाठ पडली तर दुसरा.

त्यात इंधन. ब्रिटिश मर्लिन इंजिन तेच २७ लिटरचं, पण ८७ ऑक्टेनच्या इंधनावर (आकडा मोठा तितकं इंधन सरस) १०३० देणारं इंजिन १९४० मध्ये १०० ऑक्टेनवर १३१० पर्यंत गेलं. उलट बाजूला जपानचं होमारे इंजिन. ३६ लिटरमध्ये २००० च्या घरातली अश्वशक्ती काढायची, जी अमेरिकी डबल वास्प ४६ लिटरमध्ये काढत होतं. आखणी १०० ऑक्टेन धरून झाली, पण उत्तम दर्जाचं विमान-इंधन विकणं अमेरिकेनं १९४० च्या उन्हाळ्यातच आवळलं होतं. मग ९१ ऑक्टेन आणि पाणी-मिथेनॉलवर भागवणं आलं.

त्यामुळे माझ्या तक्त्यात हल्ली इंजिनाच्या नावापुढे साल, उंची आणि इंधन असे तीन रकाने जादा आहेत. कुणाच्या जपानवर निर्बंध लागलेच नसतील आणि त्याचे टँकर शाबूत असतील, तर होमारेचे पुरते २००० त्याला द्यायला माझी हरकत नाही. किन्सेईच्या ओळीत मात्र १५६० पुढे १९४५ च लिहिलेलं राहील.