स्कीइंगची खासगी शिकवणी

स्कीइंगची खासगी शिकवणी म्हणजे डोंगरावरच्या स्की रिसॉर्टमध्ये एका इन्स्ट्रक्टरचा अर्धा किंवा पूर्ण दिवस आपल्या एकट्यासाठी, फार तर घरच्या दोन-चार माणसांसाठी ठरवून घ्यायचा आणि बर्फावर उभं कसं राहायचं, घसरायचं कसं आणि मुख्य म्हणजे थांबायचं कसं हे त्याच्याकडून शिकायचं. बोलताना सगळे प्रायव्हेट लेसनच म्हणतात. ग्रुप क्लासमध्ये सहा ते दहा अनोळखी लोक रांगेत उभे असतात आणि आपला नंबर येईपर्यंत पाय गारठून जातात, तो प्रकार इथे नाही. ही नोंद मुख्यतः रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातून जाणाऱ्या आणि फ्रीजरमधला सोडून दुसरा बर्फ कधी न बघितलेल्या मोठ्या माणसांना समोर ठेवून लिहिलीय, कारण पोरांचं काय, ती कशीही शिकतात.

शिकवणी कशाला म्हणायचं नाही हे आधी सांगितलेलं बरं. बर्फाच्या कुठल्याही पर्यटन स्थळी टॅक्सीतून उतरलं की चार-पाच जण गराडा घालतात, स्की (पायाला अडकवायच्या लांब पट्ट्या), बूट, कोट आणि सोबत 'गाइड' असा सगळा मिळून एक रेट सांगतात, मग तो गाइड तुमचा हात धरून तुम्हाला थोडं वर नेतो, हात धरूनच खाली आणतो, मोबाइलवर दहा-बारा फोटो काढतो आणि अर्ध्या तासात खेळ खल्लास. फोटो झकास येतात, गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अंगठेही पडतात, पण हात सोडला तर माणूस जिथे होता तिथेच आडवा. टूर पॅकेजमध्ये 'स्कीइंग इन्क्लुडेड' लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा हेच असतं. ज्यात शिकवणारा तुमचा हात सोडतो आणि तुम्ही स्वतःच्या पायाने थांबता, तीच शिकवणी.

कुठे मिळते

भारतात मुख्य नाव गुलमर्गचं. बारामुल्ला जिल्ह्यातलं हे पठार साधारण २६५० मीटर उंचीवर आहे, श्रीनगरपासून ५० किलोमीटरच्या आसपास. इथे स्की आणली इंग्रजांनी, १९२७ साली त्यांनी स्की क्लब ऑफ इंडिया इथेच काढला. पुढे १९४८ मध्ये सैन्याने बर्फातल्या लढाईचं प्रशिक्षण इथे सुरू केलं, त्याचंच आज हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल झालंय. केंद्राच्या पर्यटन खात्याची स्कीइंग आणि माउंटेनिअरिंगची संस्थाही गुलमर्गलाच आहे, पण तिथे बॅचचे कोर्स असतात, खासगी शिकवणी वेगळी ठरवावी लागते. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताकडून एकटा गेलेला आरिफ खान हा याच भागातला.

दुसरं ठिकाण उत्तराखंडातलं औली, जोशीमठच्या वर. २०११ मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांतलं स्कीइंग इथे झालं. २०२३ च्या जानेवारीत जोशीमठची जमीन खचायला लागली आणि जोशीमठ-औली रोपवे बंद करावा लागला, त्यामुळे जाण्याआधी वर कसं पोचायचं ते विचारून घ्यावं. मनालीजवळ सोलंग आहे, पण तिथे गर्दी आणि गाइड जास्त, नवशिक्याने निवांत शिकावं अशी जागा शोधावी लागते.

आणि तिसरं ठिकाण चक्क दुबई. कोकणातल्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी आखातात नोकरीला आहे, खेड, चिपळूण, श्रीवर्धन, रत्नागिरीकडच्या मुसलमान कुटुंबांत तर पिढ्यानपिढ्या, त्यामुळे सुट्टीत तिकडे गेलेल्या पोरांनी पहिली स्की वाळवंटातल्या मॉलमध्ये घातलेली असू शकते. मॉल ऑफ द एमिरेट्समधलं स्की दुबई २००५ साली सुरू झालं, आत पाच उतार आहेत आणि सगळ्यात लांब उतार ४०० मीटरचा. तिथला एक नियम मला पटतो: वळता येतं, थांबता येतं, उतारावर वर नेणारी लिफ्ट वापरता येते हे दाखवल्याशिवाय मोठ्या उतारावर सोडत नाहीत, नाहीतर आधी क्लास घ्या. आपल्याकडच्या उतारांवर असं कुणी विचारत नाही.

स्कीची शाळा, म्हणजे पायरीपायरीने ठरलेला अभ्यासक्रम आणि तयारीप्रमाणे वर्ग पाडणं, ही पद्धत रुजवण्याचं श्रेय ऑस्ट्रियातल्या सेंट अँटनच्या हान्नेस श्नायडरला देतात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची गोष्ट. आजही जगात कुठेही गेलात तरी पहिल्या दिवशी जे शिकवतात त्याचा सांगाडा तोच आहे.

उंची आणि ऊन

समुद्रसपाटीवरून जाणाऱ्याला उंचीची सवय नसते आणि ते आपण मान्यही करत नाही. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर, आंबोली तर ७०० च्या आतच, आणि गुलमर्गचं नुसतं हॉटेल कळसूबाईच्या वर एक किलोमीटर. पोचल्या दिवशी दुपारीच क्लास लावू नये. डोकं जड होतं, दम लागतो, झोप नीट येत नाही, म्हणून एक रात्र जाऊ द्यावी, पाणी भरपूर प्यावं आणि 'थंडीत चालते' म्हणून बाटली उघडू नये. जेवणाची काळजी करू नका, काश्मिरी माणूस आपल्यासारखाच भाताचा.

उन्हाचं मात्र आपल्याला हमखास चुकतं. आम्ही किनाऱ्यावरचे, आम्हाला उन्हाचं काय कौतुक, असं म्हणत लोक क्रीम न लावता जातात. कोरडी वाळू अतिनील किरणांपैकी साधारण १५ टक्के परत फेकते, समुद्राचा फेस २५ टक्के आणि ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत. शिवाय दर हजार मीटरला हे किरण दहाएक टक्क्यांनी वाढतात. नाकाच्या खालून आणि हनुवटीच्या खालून भाजतं, तिथे क्रीम लावायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. गॉगल नसेल तर क्लास पुढे ढकला, डोळे चुरचुरून रात्र काढण्यापेक्षा ते बरं.

बूट

पहिल्या क्लासचा बराच वेळ बुटातच जातो आणि जायलाच हवा. स्कीचा बूट प्लास्टिकचा, कडक, घोट्याच्या वरपर्यंत, वर चार बकल. बारा महिने चपलेत वावरलेलं पाऊल पसरट झालेलं असतं, ते या डब्यात कोंबलं की माणूस कळवळतो आणि एक नंबर मोठा बूट मागतो. इथेच सगळं बिघडतं. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की ती जराशी मागे आली पाहिजेत, टाच अजिबात उचलता कामा नये, आणि नडगी बुटाच्या जिभेला सारखी टेकलेली हवी. मोजा एकच, लांब, बुटाच्या आत पँटचा काठ नको. थंडी म्हणून दोन मोजे घातले तर सुरकुती पडते, रक्त अडतं आणि पाय उलट जास्त गार पडतो. चांगला इन्स्ट्रक्टर भाड्याच्या दुकानात तुमच्यासोबत येतो आणि खाली बसून स्वतः बकल लावून बघतो. खासगी शिकवणीचे पैसे इथूनच वसूल व्हायला लागतात, कारण ग्रुपमध्ये दहा जणांचे बूट कोण बघणार.

बूट स्कीला ज्या खटक्याने अडकतो त्याला बाइंडिंग म्हणतात, आपण पडलो की ते सुटतं आणि पाय वाचतो. किती जोर बसला की सुटायचं हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुम्ही किती शिकलेले आहात यावरून ठरतं. त्यामुळे वजन विचारलं की खरं सांगा. लाजून कमी सांगितलंत तर बाइंडिंग नको तिथे सुटेल, आणि घट्ट बसवलेलं असेल तर पडताना सुटणारच नाही आणि गुडघा पिळवटेल. दुकानदाराने काहीच न विचारता स्की हातात दिली तर दुकान बदलावं.

बर्फावर

सुरुवात सपाट जागेवर. एका पायात स्की, दुसरा पाय मोकळा, नुसतं गोल फिरायचं. मग दोन्ही स्की घालून चालणं, मग उताराला आडवं उभं राहून खेकड्यासारखं एकेक पाऊल वर चढणं. इतकं चढून धापा टाकल्यावर कळतं की लिफ्ट कशाला असते. नंतर अगदी कमी उतारावर, जिथे शेवटी आपोआप थांबायला होतं अशा जागी, सरळ घसरणं. त्यानंतर ज्याला सगळे स्नोप्लो म्हणतात ते: स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, आतल्या कडा बर्फात टेकलेल्या. मुलांना पिझ्झाचा तुकडा करा असं सांगतात. मागची टोकं जेवढी पसरवाल तेवढा वेग कमी. वळायचं असेल तर उजव्या स्कीवर भार दिला की डावीकडे वळतं आणि डाव्यावर दिला की उजवीकडे, हे डोक्याला उलटं वाटतं आणि पहिला तासभर सगळे नको त्याच पायावर भार देतात.

खरी भानगड वेगळीच आहे. उतार दिसला की माणूस घाबरून मागे रेलतो, अगदी सगळेच. मागे रेललं की स्कीच्या पुढच्या टोकांवरचा भार जातो, वळणं बंद होतं, वेग वाढतो, भीतीने माणूस अजून मागे रेलतो आणि मग बसतोच. होडीत उभं राहणाऱ्याला लाट आली की गुडघे आपोआप सैल सोडायची सवय असते, नजर लांब असते, तोच पवित्रा इथे लागतो, फक्त अंग जरा पुढे, नडगी बुटाच्या जिभेवर. मालवणकडच्या पागी-गाबीत, म्हणजे मच्छीमार घरातल्या माणसाला हे सांगावं लागत नसेल असा माझा अंदाज. इन्स्ट्रक्टर सकाळपासून 'घुटना मोडो, सामने देखो' एवढंच म्हणत असतो, आणि कुंपणाबाहेर उभा असलेला एखादा मालवणी बाप पोराला ओरडतो, 'अरे खंय बघतंस, फुडे बघ!' दोघं सांगतायत ते एकच, पण इन्स्ट्रक्टर ते समोर उभा राहून, स्वतः उलटा घसरत, तुमच्या गुडघ्याकडे बघत सांगतो. ग्रुपमध्ये तुमच्या वाट्याला ही नजर मिनिट-दोन मिनिटं येते, इथे सबंध वेळ. खासगी शिकवणीत विकत मिळतं ते एवढंच आणि पहिल्या दिवशी तेच हवं असतं.

पडणंही शिकवून घ्यावं. बाजूला, उताराच्या वरच्या अंगाला पडायचं, घसरणं पूर्ण थांबेपर्यंत उठायची घाई करायची नाही कारण गुडघ्याचे लिगामेंट त्यातही जातात, आणि हातातली काठी सोडून द्यायची, ती धरून पडलं की अंगठा दुखावतो. उठताना स्की आपल्या खालच्या बाजूला, उताराला आडव्या. पुढे जाणाऱ्याचा हक्क पहिला, मागून येणाऱ्याने सांभाळायचं, हा नियम जगभर आहे. हेल्मेट भाड्याने मिळतं, घ्या.

किती दिवस आणि किती पैसे

माझं मत विचाराल तर पहिल्या दोन सकाळी खासगी, तीन-तीन तासांच्या, आणि दुपारी त्याच उतारावर एकट्याने सराव. पूर्ण दिवसाचा क्लास पहिल्या दिवशी घेऊ नये, जेवणानंतर मांड्या साथ देत नाहीत आणि इन्स्ट्रक्टरला नुसता चहा पाजायचे पैसे जातात. स्नोप्लोने वळून हवं तिथे थांबता यायला लागलं की ग्रुपमध्ये जायला हरकत नाही, उलट तिथे जरा ईर्षा लागते. नवरा-बायकोने मिळून एक क्लास घेणं स्वस्त पडतं पण दोघांपैकी एक जण भित्रा असेल तर दुसऱ्याचा वेळ उभ्या उभ्या जातो आणि संध्याकाळी हॉटेलवर भांडण होतं.

युरोप-अमेरिकेत रेट छापील असतो, स्की स्कूलचं बुकिंग आधी करावं लागतं. आपल्याकडे बरंचसं तोंडी ठरतं, म्हणून आधीच विचारून घ्यावं की किती तास, किती माणसं, स्की-बुटाचं भाडं धरून का वेगळं, लिफ्टचं तिकीट कुणी काढायचं. गुलमर्गच्या गोंडोलाचं, म्हणजे तिथल्या रोपवेचं, तिकीट वेगळं आणि ते आधी ऑनलाइन काढावं लागतं, पण नवशिक्याला पहिल्या दिवशी त्याची गरजच नाही. गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या अंगाला जवळजवळ ४००० मीटरपर्यंत जातो, तिथून खाली यायचे उतार तयारीच्या लोकांचे आहेत, हिमस्खलनाचा धोकाही असतो, २०२३ आणि २०२४ च्या फेब्रुवारीत तिकडे परदेशी स्कीअर दगावलेत. 'वर नेऊन शिकवतो' म्हणणाऱ्याला नमस्कार करावा. प्रवास विमा काढला असेल तर त्यात स्कीइंग धरलंय का तेही वाचा, बऱ्याच पॉलिसींमध्ये ते वेगळं घ्यावं लागतं.

कधी आणि कसं

गुलमर्गचा हंगाम साधारण डिसेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत. २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस, ज्यांना तिकडे चिल्लई कलान म्हणतात, सगळ्यात कडक थंडीचे. कोकणातली अडचण अशी की नेमका तेव्हा हापूसचा मोहोर असतो, फवारणीच्या पाळ्या चालू असतात, तेव्हा बागायतदार घरातून हलत नाही. किनाऱ्यावर होम-स्टे आणि बोटी चालवणाऱ्यांना नाताळ-थर्टी फर्स्ट सोडता येत नाही, त्यांच्यासाठी जानेवारीचा उत्तरार्ध बरा.

सिंधुदुर्गवाल्यांना गोव्याच्या मोपा विमानतळावरून दिल्लीमार्गे श्रीनगर जवळ पडतं, रत्नागिरीतून मंगला एक्स्प्रेसने दिल्ली गाठणारेही आहेत. ६ जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरला थेट रेल्वे झालीय, वाटेतला चिनाबवरचा ३५९ मीटर उंच पूल ज्या भागात आहे त्याचं काम आपल्या कोकण रेल्वे महामंडळाकडे होतं, हे गाडीत शेजाऱ्याला जरूर सांगावं. शेवटचा तुकडा टंगमर्ग ते गुलमर्ग, तिथे बर्फ असेल तेव्हा चाकांना साखळ्या लावलेली किंवा फोर बाय फोर गाडीच वर जाते.

बर्फाचा मात्र भरवसा राहिलेला नाही. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग बराच काळ कोरडं होतं आणि २०२५ मध्ये खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गमधला टप्पा बर्फ कमी म्हणून फेब्रुवारीतून मार्चवर ढकलावा लागला. त्यामुळे इन्स्ट्रक्टरला अॅडव्हान्स देताना बर्फ नसला तर पैसे परत मिळणार का तारीख बदलून मिळणार हे मेसेजवर लिहून घ्यावं, आणि निघायच्या आदल्या दिवशी त्यालाच बेबी स्लोपचा, म्हणजे नवशिक्यांच्या उताराचा, त्या दिवशीचा व्हिडिओ पाठवायला सांगावा.