डार्वेन : लँकेशरमधील गिरणी शहर आणि त्याच्या खुणा

डार्वेन हे इंग्लंडच्या वायव्य भागातील लँकेशर परगण्यात, ब्लॅकबर्नच्या दक्षिणेस वसलेले जुने गिरणी शहर. त्याच नावाच्या लहानशा नदीच्या अरुंद खोऱ्यात ते लांबट पसरले असून पश्चिमेला माळरानाचा उंच कठडा आहे. १८७८ मध्ये त्याला स्वतंत्र नगराचा दर्जा मिळाला. १९७४ पासून ते ब्लॅकबर्नसोबत एकाच प्रशासनाखाली आहे. लँकेशरच्या कापडधंद्यात ढोबळ विभागणी होती : दक्षिणेकडे सूतकताई, उत्तरेकडे विणकाम. ब्लॅकबर्न आणि डार्वेन विणकामाच्या पट्ट्यात येत. इथल्या मागांवर निघणाऱ्या साध्या सुती कापडाचा, विशेषतः धोतरांचा, मोठा गिऱ्हाईक हिंदुस्थान होता. म्हणूनच या शहराच्या वारशात आपल्याकडच्या वाचकालाही काही ओळखीचे सापडते.

शहरात कुठूनही नजरेत भरते ती इंडिया मिलची चिमणी. स्थानिक गिरणीमालक एक्लेस शॉरॉक यांनी ही सूतगिरणी उभारली. काम १८५९ मध्ये सुरू झाले आणि चिमणी १८६७ मध्ये पुरी झाली. मँचेस्टरचे वास्तुविशारद अर्नेस्ट बेट्स यांनी तिला इटलीतील चर्चच्या घंटामनोऱ्याचे रूप दिले. चौकोनी बांधा, लाल, काळ्या व पांढऱ्या विटांची नक्षी आणि माथ्याशी कोरीव कंगोरा असलेली ही चिमणी सुमारे ३०३ फूट (९२ मी.) उंच आहे. पाया म्हणून एकच प्रचंड शिळा बसवली आणि ती ओढायला पस्तीस घोडे लागले, असे गावात सांगतात. धूर वर सोडण्यापुरते एवढे नटवायची गरज नव्हती. मालकाची पत दिसावी, हाही हेतू उघड आहे.

गिरणीचे काम चालू असतानाच अमेरिकेत यादवी युद्ध (१८६१–६५) पेटले. दक्षिणेकडील राज्यांचा कापूस अडला, लँकेशरमध्ये माग थांबले आणि कामगार धर्मादाय मदतीवर आले. तुटवडा भरून काढायला पश्चिम भारतातला कापूस मुंबईमार्गे येऊ लागला. त्याला तिकडे सरसकट ‘सुरती’ म्हणत. आखूड धाग्याचा, कचरा मिसळलेला हा कापूस कामगारांना नकोसा होता, कारण धागा सारखा तुटे आणि मजुरी मिळे ती निघालेल्या मालावर. त्याच कापसाने मुंबईत मात्र पैशाचा पूर आणला, शेअरांचा सट्टा माजवला आणि १८६५ मध्ये पेढ्याही बुडवल्या. मुंबईत स्वतःच्या गिरण्या तोवर आल्याच होत्या. कावसजी दावर यांनी पहिल्या कापडगिरणीची स्थापना १८५४ मध्ये केली होती आणि पुढच्या गिरण्यांची यंत्रे बहुतांशी लँकेशरहूनच आली. गिऱ्हाईकाला यंत्रे विकणारा हा परगणा पुढे त्याच गिऱ्हाइकाची स्पर्धा सोसणार होता.

मंदीचे चटके बसत असताना, गोलमेज परिषदेसाठी इंग्लंडात असलेले महात्मा गांधी सप्टेंबर १९३१ मध्ये डार्वेनला आले. ग्रीनफील्ड गिरणी चालवणाऱ्या, क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या डेव्हिस कुटुंबाने त्यांना बोलावले होते. स्प्रिंग व्हेल भागात त्यांचा मुक्काम होता. २६ सप्टेंबरला गिरणीबाहेर घेतलेले, हसून जयघोष करणाऱ्या कामगार बायकांच्या घोळक्यातले त्यांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यावरून सगळे गोड झाले असे मात्र समजू नये. विलायती कापडावरचा बहिष्कार उठवण्याचे आश्वासन गांधीजींनी दिले नाही. तुमच्याकडे तीस लाख बेकार आहेत, तर आमच्याकडे त्याच्या शंभरपट माणसे वर्षातले सहा महिने रिकामी असतात, असे त्यांनी शांतपणे मांडले. लँकेशरच्या घसरणीला जपानची स्पर्धा आणि भारतीय गिरण्याही कारणीभूत होत्या, खादी एकटी नव्हे.

दुसरी मोठी खूण बीकन हिलवरचा अष्टकोनी दगडी बुरूज. उंची ८५ फूट (२६ मी.). अधिकृतपणे तो व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या हीरकमहोत्सवाचा. सप्टेंबर १८९८ मध्ये तो खुला झाला. गावाच्या लेखी त्याचे खरे निमित्त वेगळे आहे. माळावरच्या जुन्या पायवाटांनी शेतकरी आणि खाणकामगार पिढ्यान्‌पिढ्या ये-जा करत. दूर सॉमरसेटमध्ये राहणारे जमीनदार, धर्मोपदेशक विल्यम डकवर्थ यांना मात्र तिथे ग्राउस पक्ष्यांची शिकार राखायची होती. १८७० च्या दशकाच्या अखेरीस वाटा अडवल्या गेल्या, रखवालदार आणि गावकऱ्यांत खटके उडाले, प्रकरण कोर्टात गेले. अखेर १८९६ मध्ये माळ लोकांना मोकळा झाला आणि मिरवणूक काढून लोक वर चढले. त्याच वर्षी शेजारच्या बोल्टनच्या हजारो लोकांनी विंटर हिलवरची अडवलेली वाट तुडवली, पण ते खटला हरले. त्यामुळे डार्वेनचा विजय अधिकच उठून दिसतो. वर्गणीतून उभा राहिलेला हा बुरूज चिमणीपेक्षा साधा आहे. तरी शहराचे चिन्ह म्हणून मान त्यालाच द्यावा लागतो. माथ्यावरचा घुमट वाऱ्याने २०१० मध्ये उडाला आणि २०१२ मध्ये नवा बसवला.

कापसाखेरीजही इथे धंदे होते. पॉटर कुटुंबाच्या कारखान्याने १८३९ मध्ये भिंतीचा कागद यंत्रावर छापण्याचे पेटंट घेतले. पुढे रंगनिर्मिती आली, तर इथेच बनणारे पर्स्पेक्स हे पारदर्शक प्लास्टिक दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर या लढाऊ विमानांत वैमानिकावरच्या पारदर्शक छतासाठी वापरले गेले. १९०८ मध्ये उघडलेल्या सार्वजनिक ग्रंथालयाला देणगीदार, अमेरिकी उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी स्वतः हजर होते. सनीहर्स्ट वनराई आणि बोल्ड व्हेंचर उद्यान फिरायला चांगली आहेत. इंडिया मिलमधली सूतकताई १९९१ मध्ये थांबली. इमारतीत आता कार्यालये आहेत आणि समोर एक जुने वाफेचे इंजिन मांडून ठेवले आहे.