पाम्प्लोनाच्या वळूंपुढे धावायचंय? आधी कागद कुठे अडतात ते पाहा

दर वर्षी हिवाळा संपता संपता एक प्रश्न हमखास येतो: स्पेनमधल्या पाम्प्लोना शहराच्या सान फेर्मिन उत्सवात वळूंपुढे धावण्याचा फॉर्म कुठे भरायचा? असा फॉर्मच नाही. नोंदणी नाही, फी नाही, छातीवर लावायचा नंबर नाही. ज्यांनी तुमच्याकडून ‘एन्ट्री फी’ मागितली असेल, त्यांना पैसे देऊ नका. पैसे लागतात ते बाल्कनीतून किंवा धाव जिथे संपते त्या रिंगणात बसून पाहण्याचे.

फॉर्म नाही म्हणजे पात्रतेच्या अटीही नाहीत, असं मात्र नाही. त्या तपासल्या जातात सकाळी, रस्त्यावर, पोलिसांकडून. आणि त्याच्या कितीतरी आधी मुंबईत तुमची दुसरी तपासणी झालेली असते, ती व्हिसाची. अनेकांचा प्रवास तिथेच थांबतो. म्हणून आधी तिच्याबद्दल.

व्हिसा: तारीख अर्जाची नव्हे, कागद हातात देण्याची

उत्सव 6 ते 14 जुलै, दर वर्षी त्याच तारखांना. 6 तारखेला दुपारी 12 वाजता रॉकेट सोडून सुरुवात होते, पण त्या दिवशी धावणं नसतं. ते 7 ते 14, रोज सकाळी 8 वाजता. फक्त 6 तारखेचं हॉटेल घेऊन 7 ला सकाळी निघणारी मंडळी मी पाहिली आहेत. त्यांना नुसती गर्दी दिसली.

शेंगेन व्हिसाचा, म्हणजे स्पेन-फ्रान्ससकट युरोपातल्या अनेक देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो आणि निदान 15 दिवस आधी करावाच लागतो. हे ‘15 दिवस’ वाचून लोक जूनच्या मध्यापर्यंत निवांत राहतात. निर्णयाला साधारण 15 दिवस लागतात, पण नियमानुसार तो 45 दिवसांपर्यंत लांबू शकतो. शिवाय मोजणी अपॉइंटमेंटच्या दिवशी कागद स्वीकारल्यापासून होते, ऑनलाइन फॉर्म भरल्यापासून नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत अपॉइंटमेंट मिळवण्यातच आठवडे जातात आणि नेमके तेव्हाच दलाल उगवतात. मार्च-एप्रिलमध्ये कागद देऊन मोकळे व्हा.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा? जिथे सर्वाधिक दिवस राहणार, त्या देशाकडे. पॅरिसला पाच दिवस आणि पाम्प्लोनाला तीन, असा बेत असेल तर अर्ज फ्रान्सकडे जातो, तुम्ही कितीही स्पेनसाठीच निघाला असलात तरी. दिवस सारखे असतील तर जिथे पहिल्यांदा उतरणार तो देश.

पासपोर्ट गेल्या 10 वर्षांतला, परतीनंतर 3 महिने वैध, दोन पानं कोरी. फोटो, विमान आरक्षण, पगाराच्या पावत्या, आयकर विवरण, कंपनीचं रजा मंजुरीचं पत्र. हे सगळ्यांकडे असतं.

नसतं ते राहण्याच्या जागेचं. जुलैत पाम्प्लोनात खोली मिळणं कठीण आणि मिळाली तरी महाग. मग ‘तिथे मित्र आहे, त्याच्याकडे राहीन’ म्हणून मित्राचा ई-मेल जोडला जातो. तो चालत नाही. स्पेनमध्ये कुणाच्या घरी राहणार असाल तर त्या माणसाने स्वतः तिथल्या राष्ट्रीय पोलिसांच्या कार्यालयात जाऊन अधिकृत निमंत्रणपत्र काढावं लागतं. त्याला ‘कार्ता दे इन्विताथिओन’ म्हणतात. त्यासाठी त्याला भाडेकरार किंवा घराची कागदपत्रं दाखवावी लागतात, वेळ लागतो आणि मूळ प्रत तुमच्यापर्यंत पोहोचावी लागते. मित्राला मे महिन्यात सांगून हे जमत नाही. हे कुणी आधी नीट समजावून सांगत नाही, आणि नकार आला की मात्र सगळा दोष अर्जदाराचा. घरगुती निमंत्रणावर विसंबण्यापेक्षा जवळच्या सान सेबास्तियान किंवा लोग्रोन्यो शहरात खोली घ्या आणि बसने या. पण पहाटेची बस आहे ना, हे आधी बघा.

पैशांचा नियम स्पष्ट आहे. स्पेन दर माणशी, दर दिवशी तिथल्या मासिक किमान वेतनाच्या 10 टक्के रक्कम धरतो आणि मुक्काम कितीही छोटा असला तरी एकूण निदान त्या वेतनाच्या 90 टक्के दाखवावे लागतात. 2025 मध्ये ते वेतन 1184 युरो होतं, म्हणजे दिवसाला 118.40 युरो. चौघं मित्र निघाले आणि एकाच्याच खात्यात पैसे असले, तर उरलेल्या तिघांचं काय, हा प्रश्न अधिकारी विचारणारच. अर्जाच्या आधीच्या आठवड्यात मामाने खात्यात टाकलेले दोन लाख उपयोगी पडत नाहीत, उलट संशय वाढतो.

प्रवासाच्या हेतूच्या पत्रात उत्सवाचं नाव आणि तारखा खऱ्या लिहा. लपवण्यासारखं त्यात काही नाही. अर्ज पडतात ते पत्र, हॉटेल, विमा आणि तिकीट यांच्या तारखा एकमेकांशी न जुळल्यामुळे.

व्हिसा हातात आला की स्टिकर नीट वाचा. ‘पासून-पर्यंत’ या तारखांच्या मधलं अंतर म्हणजे तुमचा मुक्काम नव्हे. खाली दिवसांचा वेगळा आकडा असतो, तो पाळायचा. त्यात पोहोचण्याचा आणि निघण्याचा असे दोन्ही दिवस धरले जातात.

नकार आलाच तर कळल्यापासून एका महिन्यात त्याच वकिलातीकडे फेरविचाराचा अर्ज करता येतो, किंवा दोन महिन्यांत माद्रिदच्या उच्च न्यायालयात जाता येतं. ‘दोन महिने आहेत’ म्हणून थांबलेल्यांचा पहिला, बिनखर्चाचा मार्ग बंद झालेला असतो.

विमा: व्हिसाला चालतो तो धावायला चालेलच असं नाही

यासाठीच हा लेख लिहायला घेतला. व्हिसासाठी निदान 30,000 युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत लागू असलेला प्रवास विमा लागतो. तो हजार-दोन हजार रुपयांत मिळतो, अर्जाला जोडला जातो, आणि लोक समजतात की आपण सुरक्षित झालो. पण अशा बहुतेक पॉलिसींमध्ये मागच्या पानांवर अपवादांची यादी असते: साहसी खेळ, स्वतःहून पत्करलेला धोका, मद्याच्या अमलाखाली झालेली दुखापत. वळूपुढे धावणं यातल्या दुसऱ्यात सहज बसतं. म्हणजे वकिलातीने मान्य केलेला कागद शस्त्रक्रियेच्या बिलाच्या वेळी कोरा ठरू शकतो.

फोनवर एजंट ‘हो, सगळं कव्हर आहे’ म्हणेल. तेवढ्यावर राहू नका. विमा कंपनीला ई-मेल करा, पाम्प्लोनातल्या वळूंच्या धावेत सहभागी होणार आहे असं स्पष्ट लिहा आणि उत्तर लेखी घ्या. नाही म्हणाले तर जास्त हप्त्याचं साहसी खेळांचं कव्हर विचारा. तेही नाही म्हणाले तर कुंपणाबाहेरून पाहा. मनापासून सांगतो, परक्या देशात मांडीत शिंग घुसलेलं असताना घरच्यांनी पैशांसाठी धावाधाव करावी, ही वेळ कुणावर येऊ नये.

सकाळची तपासणी

धाव 8 ला, पण मार्गात शिरण्याची वेळ 7:30 ला संपते. 7:45 ला पोहोचणारा बाहेरच राहतो. वय 18 पूर्ण हवं. 1974 पर्यंत स्त्रियांना मनाई होती, आता नाही. दारू प्यायलेल्याला, चपला-सँडल घातलेल्याला, पाठीवर पिशवी किंवा हातात फोन-कॅमेरा असलेल्याला पोलीस बाहेर काढतात. धावताना सेल्फी घेणाऱ्यांना मोठे दंड झाले आहेत. वळूला हात लावणं, डिवचणं, उलटं त्याच्याकडे धावणं, दारांच्या आडोशाला लपणं हे सगळं मना आहे.

मार्ग 875 मीटरचा, वेळ दोन-तीन मिनिटं. आपल्याकडे बैलगाडा शर्यती पाहिलेले, गोठ्यात वाढलेले काही जण म्हणतात, ‘बैलाला काय घाबरायचं?’ इथे बैल असतात ते कळपाला वाट दाखवायला. त्यांच्याबरोबरचे सहा जण वळू आहेत, पाचशे किलोच्या वरचे, मोकळ्या रानात माणसापासून लांब वाढवलेले. दाव्याला हिसका दिला की वळणारं जनावर ते नव्हे.

आदल्या दिवशी मार्ग पायी चालून बघा. सुरुवातीच्या सांतो दोमिंगो रस्त्याच्या चढावर वळू सर्वात वेगात असतात, नवख्याने तिथे उभं राहू नये. मेर्कादेरेस रस्त्यावरून एस्ताफेता गल्लीत उजवीकडे वळताना ते घसरून डाव्या कुंपणावर आदळतात. त्या बाजूला थांबलेला माणूस चिरडला जातो. रॉकेटांचा अर्थ पाठ करा: पहिलं, दार उघडलं, दुसरं, सगळे बाहेर पडले, तिसरं, सगळे रिंगणात, चौथं, सगळे गोठ्यात. पहिल्या दोहोंत जास्त अंतर पडलं तर कळप फुटलेला आहे. एकटा राहिलेला वळू मागे फिरतो आणि तोच जीव घेतो. 2009 मध्ये धावेत एकाचा मृत्यू असाच झाला. 1910 पासून या धावेत 16 जण गेले आहेत.

पडलात तर उठू नका. डोकं हातांनी झाका, पालथे पडून राहा, कुणी खांद्याला हात लावून सांगेपर्यंत. 1995 मध्ये एक अमेरिकन तरुण पडल्यावर उठून उभा राहिला आणि शिंगावर गेला. जखमांचं प्रमाण पाहिलं तर शिंगापेक्षा पडण्याच्या आणि तुडवले जाण्याच्या दुखापती जास्त असतात. दोन कुंपणांच्या मध्ये वैद्यकीय पथकं उभी असतात, त्यांना वाट द्या. मदतीचा नंबर 112.

रात्रीच्या गर्दीत खिसे कापले जातात, आणि मुलींना त्रास देण्याचे प्रकारही घडतात. 2016 मध्ये याच उत्सवात घडलेल्या सामूहिक अत्याचाराच्या खटल्याने सगळा स्पेन हादरला होता. एकटं फिरू नका, आणि काही घडलं तर त्याच 112 वर लगेच सांगा. रस्त्यावर पोलीस भरपूर असतात.

मूळ पासपोर्ट मुक्कामावर ठेवा, खिशात छायाप्रत. तो हरवला तर आधी पोलिसांत तक्रार द्या आणि तिची प्रत जपून ठेवा. ती घेऊन चारशे किलोमीटरवरच्या माद्रिदला, भारतीय दूतावासात जावं लागतं, आणि शनिवार-रविवारी तो बंद. तिथे मिळणारं आपत्कालीन प्रमाणपत्र फक्त भारतात परतण्यापुरतं चालतं. पुढे पॅरिस किंवा रोमचा बेत असेल तर तो तिथेच संपतो.