जामखेड प्रकल्प

अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील दुष्काळी जामखेड भागात डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प. नुसता दवाखाना थाटून मुले दगावायची थांबत नाहीत, हा धडा दोघांनी आधीच्या नोकरीतच घेतला होता.

गावकऱ्यांच्या मागण्यांत औषधे मागेच होती. आधी पाणी, मग धान्य. त्यामुळे कामाची सुरुवात शेतकरी मंडळांतून झाली. वेगवेगळ्या जातींचे पुरुष एका जागी यावेत म्हणून व्हॉलीबॉलचे सामनेही भरवले गेले. हातपंप शक्यतो दलित वस्तीत बसवले, आणि सवर्ण घरांतले हंडे मुकाट तिथेच येऊ लागले. जातीच्या प्रश्नावर भाषणांपेक्षा हा उपाय जास्त लागू पडला, असे म्हणायला हरकत नाही.

प्रकल्पाचा कणा म्हणजे ग्राम आरोग्य सेविका. शिकलेल्या नर्सबाई खेड्यात राहायला राजी नसत, म्हणून गावानेच आपल्यातली बाई निवडायची असे ठरले. पुष्कळ जणी निरक्षर होत्या, काही दलित. जामखेडला प्रशिक्षणाला आल्या की सगळ्या जातींच्या बायका एकत्र जेवत, एकत्र झोपत. गावी परतल्यावर जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी कसे पाजायचे, बाळंतपणात हात कसे धुवायचे, नाळ कापायचे ब्लेड का उकळायचे, बाळाला पहिला चीक टाकून न देता का पाजायचा, हे सासवांना पटवणे हे त्यांचे काम. सांगणारी त्याच गल्लीतली असल्याने सासूलाही उडवून लावता येत नसे. पुढे महिला मंडळे उभी राहिली; क्षय आणि कुष्ठरोगाच्या रुग्णांना गावाबाहेर न काढता घरीच उपचार मिळू लागले.

जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये या कामाची दखल घेतली. प्राथमिक आरोग्यसेवेचा आल्मा-आटा जाहीरनामा त्यानंतरचा, १९७८ चा. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबल १९९९ मध्ये, तर रजनीकांत २०११ मध्ये निवर्तले.

२००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातील ‘आशा’ स्वयंसेविकांचे नाते अशा प्रयोगांशी जोडले जाते. फरक मात्र मोठा आहे. आशांना कामागणिक मोबदला मिळतो आणि नोंदवह्यांचे ओझे वाहावे लागते. जामखेडच्या सेविकांना पगार नव्हता, पण शेळीपालनासारख्या जोडधंद्यांना हातभार होता, आणि वर्षानुवर्षे चालणारे प्रशिक्षण होते. सरकारी योजनेला नेमके हेच उचलता आलेले नाही.