रात्री दिसत नाही, पण जाताना की येताना?

रात्री झोपेतून उठून बाथरूमला जाताना धडपडता की परत येताना, हा प्रश्न ऐकायला फालतू वाटतो पण डोळ्याच्या पडद्याचा, म्हणजे रेटिनाचा आजार असलेल्या माणसाला तो एकदा विचारून बघाच. कारण "रात्री नीट दिसत नाही" हे वाक्य सगळे एकसारखंच बोलतात आणि आपण रातांधळेपणा म्हणून मोकळे होतो, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात. एक म्हणजे अंधारात कितीही वेळ थांबा, दिसतच नाही. दुसरी म्हणजे दिसतं, पण उजेडातून अंधारात आल्यावर डोळे सरावायलाच प्रचंड वेळ लागतो. पहिलीत माणूस जाताना पण चाचपडतो, येताना पण. दुसरीत जाताना बरं चाललेलं असतं कारण डोळे रात्रभर अंधारातच होते, मग बाथरूमचा लाइट लावला की झालं, परतीच्या वाटेवर पलंग कुठे आणि दार कुठे काही कळत नाही.

आधी चांगल्या डोळ्यांचं सांगते, कारण तिथेच बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात, कोन आणि रॉड. कोन उजेडात काम करतात, रंग आणि बारीक अक्षरं त्यांच्याकडे, संख्या साधारण 60 लाख. रॉड त्यांच्या कितीतरी पट जास्त, 9 ते 12 कोटींच्या घरात, आणि अंधुक उजेडातलं दिसणं बहुतेक त्यांच्याच जिवावर. अंधारात गेल्यावर पहिली 5 ते 10 मिनिटं कोन जमेल तेवढं सरावतात आणि थांबतात, मग रॉडचा नंबर लागतो, आणि ते पूर्ण तयार व्हायला 30-40 मिनिटं लागतात. म्हणजे थिएटरात उशिरा शिरून कुणाच्या तरी पायावर पाय देणं हा आजार नाहीये, ते सगळ्यांचंच होतं.

एवढा वेळ का लागतो तर रॉडमधलं ऱ्होडॉप्सिन हे रंगद्रव्य उजेडाने विरतं आणि ते परत बनवायला व्हिटॅमिन ए पासून तयार झालेला एक घटक लागतो, तो पडद्यामागच्या काळपट थराकडून येतो. रॉडची सगळी भिस्त त्या थरावर. ही रसद लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच आहे.

आता पहिली गोष्ट, म्हणजे दिसतच नाही. याचं ठळक उदाहरण रेटिनायटिस पिगमेंटोसा, ज्याला सगळे आरपी म्हणतात. आनुवंशिक आजार, साधारण 4000 माणसांत एकाला. यात रॉड पेशीच आधी मरत जातात, मग सरावायला उरतंय कोण? त्रास बऱ्याचदा लहानपणी किंवा विशीच्या आत सुरू होतो, पोरगं संध्याकाळी खेळताना आपटतं आणि घरचे म्हणतात लक्ष कुठे असतं तुझं. हळूहळू कडेचं दिसणं कमी होत जातं, मधलं बराच काळ टिकतं.

दुसरी गोष्ट वय झाल्यावरच्या मॅक्युलर डीजनरेशनमध्ये, म्हणजे पडद्याचा मधला भाग झिजत जाण्याच्या आजारात दिसते, पन्नाशीनंतर. इथे पडद्यामागे ड्रुसेन नावाचा कचरा साचतो, त्या काळपट थरामागचा पातळ पापुद्रा जाड होतो आणि रसद उशिरा पोचते. बरेच रॉड जागेवर असतात पण भुकेले. (अगदी काटेकोर वाटणी नाही हं, यातही मधल्या भागाच्या आसपासचे रॉड मरतात, त्यामुळे पुढे दोन्ही गोष्टी एकत्र होतात.) गंमत म्हणा किंवा वैताग म्हणा, दोन्ही आजारांत सुरुवातीला तक्त्यावर 6/6 येऊ शकतं, कारण तो तक्ता भरपूर उजेडात कोनकडून वाचला जातो, आणि मग पेशंटला सांगितलं जातं की नजर उत्तम आहे. पेशंट खोटं बोलत नसतो, परीक्षाच दुसऱ्या विषयाची झालेली असते.

हे दोन खरंच वेगळे आहेत याचा पुरावा हवा असेल तर ओगुची आजार, जपानमध्ये 1907 साली पहिल्यांदा वर्णन झालेला, फार दुर्मिळ. यात रॉड इतके सावकाश सरावतात की काही तास अंधारात बसावं लागतं, पण बसलं की जवळजवळ सगळ्यांसारखं दिसतं! मग लख्ख उजेड पडला की पुन्हा पहिल्यापासून.

व्हिटॅमिन ए ची कमतरता असेल तर मात्र दोन्ही त्रास होतात, आणि वेळेत भरून काढली तर बरेही होतात. म्हणून लोक सरळ गोळ्या सुरू करतात, तेवढं करू नका, स्टारगार्ट नावाच्या पडद्याच्या आनुवंशिक आजारात जास्तीचं व्हिटॅमिन ए उलट नुकसान करू शकतं असं मानलं जातं. डायबेटिसवाल्यांचं अजून वेगळं, पडद्याच्या कडेला लेसर केला की मधली नजर वाचवण्यासाठी कडेचे रॉड खर्ची पडतात आणि रात्रीचं दिसणं कमी होऊ शकतं. आणि समोरच्या गाडीच्या लाइटभोवती नुसती झळाळी दिसत असेल तर मोतीबिंदूही असू शकतो.

डॉक्टरकडे जाताना "रात्री दिसत नाही" एवढंच सांगू नका, लाइट घालवल्यावर खोलीतली खुर्ची दिसायला किती मिनिटं लागली, की दिसलीच नाही, ते सांगा, मोबाइल न बघता मोजलेलं. मग डार्क ॲडॅप्टेशनची टेस्ट (डोळे अंधाराला किती वेळात सरावतात ते बघणारी) किंवा ईआरजी (उजेड पडल्यावर पडद्यातून येणारे विजेचे संकेत मोजणारी तपासणी) करायची का ते त्यांना ठरवता येतं.

उपायही वेगळे पडतात. रॉडच गेले असतील तर उजेड वाढवणं हाच मार्ग, चांगला टॉर्च, पायऱ्यांच्या कडांना ठळक पट्ट्या, थांबून राहण्यात काही अर्थ नाही. सरावायला उशीर लागत असेल तर थांबण्यात अर्थ आहे, दारात दोन मिनिटं उभं राहा, दिवसा कडक उन्हात गॉगल घाला, आणि बाथरूममध्ये रात्रीपुरता मंद लाल दिवा लावा, कारण लाल उजेडाने रॉडमधलं रंगद्रव्य फारसं विरत नाही.